घोट्याची साक्ष

मृणाली शेवाळेला धुळीला मिळवायचं, एवढ्याचसाठी मी माझा उजवा पाय मिरजेला नेला. तो बरा व्हावा असं माझ्या मनातही नव्हतं. ती आशा मी केव्हाच सोडली होती. मला पुरावा हवा होता.

पाय कसला, सतरा वर्षं पोसलेलं दुखणंच ते. जिना चढायला मला काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरते. मांडी घालून बसले की उठताना कळ येते. मी द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमध्ये सुपरवायझर आहे, म्हणजे दिवसभर उभं राहायचं काम. संध्याकाळी बूट काढला की घोटा टम्म फुगलेला. आणि सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, हा पाय मध्येच दगा देतो. एक्स-रे झाले, एमआरआय झाले. प्रत्येक डॉक्टरने फोटो उजेडाला धरून सांगितलं, "यात तर काहीच नाही." एकाने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन घरात काही ताणतणाव आहे का, अशी चौकशी केली. त्या माणसाला मी अजून शिव्या घालते.

पळूरच्या जयदुर्गा मंडळात मी आणि मृणाली एकाच वेळी कबड्डी खेळायचो. मी चढाईला, ती डाव्या कोपऱ्यात. राज्याच्या निवड चाचणीला मंडळातून एकीलाच पाठवायचं होतं आणि ती मीच असणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चाचणीच्या आठवडाभर आधी सरावात मी चढाईला गेले, मृणालीने झेप टाकून माझा घोटा धरला, मी आडवी झाले आणि पाय आतल्या बाजूला मुरगळला. चाचणीला ती गेली. राज्याकडून खेळली, पुढे देशाच्या शिबिरापर्यंत पोचली. मी द्राक्षं निवडत बसले.

ईर्ष्येनं धरला तिनं, हे मला अण्णांनी सांगितलं. अण्णा जाधव, आमचे वस्ताद. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून अण्णाच बाप. माझं कन्यादान त्यांनी केलं. दर दिवाळीला ते फराळाला यायचे, माझ्या पायाकडे बघून सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "त्या पोरीनं घात केला बघ तुझा." मग मी पुढचं वर्षभर त्या वाक्यावर जगायचे.

मीही काही गप्प बसले नव्हते. मृणालीला 'घोटेमोडी' हे नाव मी दिलं. ते असं चालत गेलं की विचारू नका. ती जिथे खेळायला जाई तिथे प्रेक्षकांतून आरोळी उठायची, "घोटेमोडी आली रे!" मी मोबाइलवर सामना बघायचे आणि ती आरोळी ऐकू आली की मला त्या रात्री छान झोप लागायची.

आता ही बाई राज्याच्या मुलींच्या संघाची मुख्य प्रशिक्षक होणार, अशी बातमी आली. त्याच सुमारास सगळीकडे व्रणवाचनाची, म्हणजे यंत्राने जुन्या जखमा वाचण्याची, चर्चा चालू होती. मी ठरवलं, हिला त्या खुर्चीवर बसू द्यायचं नाही.

अण्णांना हे सांगायला मी मोठ्या उत्साहाने गेले. ते ओसरीवर तेलाची बाटली घेऊन स्वतःचे गुडघे चोळत बसले होते.

"मिरजेला ते यंत्र आलंय अण्णा. जुनी जखम कशी झाली, कुणीकडनं जोर आला, सगळं सांगतं. कोर्टानंही मानलंय ते. संघटनेकडे तक्रार करणार मी."

त्यांचा हात गुडघ्यावर थांबला. "कशाला पोरी जुनं उकरतीस? झालं गेलं. तिचं तिला देव बघून घेईल."

"तुम्हीच म्हणत होता नं, घात केला म्हणून?"

"म्हणत हुतो. पण आता वय झालं माझं. पंचाहत्तरी आली. कुणाचं वाईट व्हावं आसं न्हाई वाटत."

काय मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणून मी त्यांच्या पाया पडले.

मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉक्टर रुबिना मुजावर म्हणून होत्या. माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. बाहेर ही गर्दी. एक बाई आपलं मनगट घेऊन आली होती, शेजारी बसलेल्या सासूकडे बघतही नव्हती. साखर कारखान्यातला एक माणूस खांदा घेऊन आला होता, सोबत वकील. आदल्या वर्षी कुठल्याशा खटल्यात एका मोडलेल्या हाताने साक्ष दिली आणि तेव्हापासून राज्यभरातली माणसं आपापली जुनी दुखणी घेऊन रांगेत उभी होती. निम्म्यांना औषध नकोच होतं. माझ्यासारखंच.

"हाडाला हाड बांधून ठेवणारे दोर असतात, लिगामेंट," डॉक्टर सांगत होत्या. "आपण वाढतो तोवर ते विणले जातात. नंतर त्यांचा गाभा फारसा बदलत नाही. तुटले की शरीर तिथं ठिगळ लावतं, आणि त्या ठिगळाचे धागे कसे पडतात, तर ज्या बाजूने ओढ बसली त्या बाजूने. साधा एमआरआय दोर आहे की नाही एवढंच बघतो. आमचं यंत्र एकेका थरातला धागा न् धागा बघतं. कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा, कुणीकडून किती जोर आला, हे त्यावरून मांडता येतं."

"आणि माणूस? कुणी केलं ते?"

"माणूस नाही सांगत. हात सांगतं."

मला तेवढं पुरेसं होतं.

त्यांनी मला झोपवलं नाही, उभं केलं. घोट्याचं दुखणं झोपलेल्या पायात लपून बसतं, वजन पडलं की बाहेर येतं, असं त्यांचं म्हणणं. पायाखालची तबकडी हळूहळू फिरू लागली. बाहेरच्या बाजूला फिरली तशी माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. डॉक्टर खूश झाल्या. सतरा वर्षांत माझ्या किंकाळीवर खूश झालेला हा पहिला डॉक्टर.

मग त्यांनी पडद्यावर माझा पाय दाखवला. त्यात निळे धागे होते आणि लाल धागे होते.

"दोन जखमा आहेत," त्या म्हणाल्या.

"एकच झाली होती."

"दोन आहेत. निळी आधीची. पाय आत मुरगळलाय, बाहेरचा दोर अर्धवट फाटलाय. कबड्डीत नेहमी होतं. आणि हा बघा, छान भरून आलाय. महिना-दीड महिना विश्रांती आणि व्यायाम, की तुम्ही परत मैदानात."

"मग दुखतं काय?"

"लाल दुखतं. नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड, या दोघांना घोट्याच्या वर बांधून ठेवणारा दोर तुटलाय. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ही दोन हाडं फाकतात. म्हणून उतरताना कळ, म्हणून संध्याकाळची सूज. ही जखम निळीनंतर थोड्याच दिवसांनी झालीय, सूज असतानाच." त्यांनी बोटाने पडद्यावरचा पाय फिरवला. "टाच मुठीत धरून पाय आधी सरळ ओढलाय. मग एका हिसक्यात बाहेर पिळलाय. दोन्ही हातांनी."

"पडल्यावर होत नाही असं?"

"पडताना टाच कोण धरतं?"

पडद्यावर माझा पाय पुन्हा पुन्हा बाहेर पिळला जात होता. ओढ, हिसका. ओढ, हिसका. आणि मला टाळ्या ऐकू आल्या.

हे टाळ्यांचं सांगायला हवं. आमच्या मंडळात घोटा मोकळा करायची पद्धत होती. दसऱ्याला, मोसमाच्या सुरुवातीला, एकेक मुलगी बाकावर बसायची. अण्णा समोर पाटावर. तेल लावून टाच मुठीत घ्यायचे, ओढायचे, बाहेर हिसका द्यायचे आणि 'कट' असा आवाज यायचा. आवाज आला की मुली टाळ्या वाजवायच्या. ज्या मुलीचा आवाज यायचा नाही ती रडवेली व्हायची. पंचक्रोशीतून मुरगळलेले पाय अण्णांकडे यायचे आणि सगळे त्या आवाजासाठी कान टवकारून बसायचे. आवाज आला म्हणजे बसला, हा आमचा सगळ्यांचा वैद्यकाचा अभ्यास.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी माझा सुजलेला पाय त्यांनी असाच बसवला. आवाज असा मोठा आला की मुलींनी नेहमीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा डोळ्यांतलं पाणी पुसत टाळ्या वाजवल्या. मग उठून उभी राहिले आणि पाय खाली टेकवेना. अण्णांनी तेलाचे हात पुसले. नंतर म्हणाले, "मृणालीनं मुळातच तोडलाय, माझ्या हाताला काय ठेवलं न्हाई पोरीनं."

दवाखान्यातून मी बाहेर आले ती स्टँडवर बसूनच राहिले. बस येत होत्या, जात होत्या. माझा राग कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं. इतकी वर्षं त्याला एक घर होतं. अण्णांनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या होत्या, माझ्या मुलाला पहिला घास भरवला होता, आणि दर दिवाळीला माझ्याच चकल्या खाऊन माझ्याच पायाबद्दल मला खोटं सांगितलं होतं. चुकून पाय मोडला असता तर मी एका दिवसात माफ केलं असतं. ते सुस्कारे मला माफ करता येईनात. बस मिळाली तोवर माझ्या रागाने घर बदललं होतं आणि तिथे तो चांगला पाय पसरून बसला.

म्हणून मी उपचार घेतले. आता मला पाय बरा हवा होता, कारण मला तो एका ठिकाणी चालत न्यायचा होता.

डॉक्टरांनी सुईतून एक धागा घालून ती दोन हाडं एकमेकांना बांधली. त्या धाग्यावर शरीर स्वतःचा दोर विणतं आणि मग धागा विरघळतो. काही महिन्यांनी त्यांनी मला एक मोजा दिला.

"लिगामेंट नुसता दोर नसतो, निरोप्याही असतो," त्या म्हणाल्या. "पाय वाकडा पडतोय हा निरोप तो मेंदूला देतो आणि स्नायू पाय सावरतात. तुमचा निरोप्या मेला, म्हणून सपाट रस्त्यावर पाय दगा देत होता. हा मोजा आता निरोप देईल. तुमच्या लाल जखमेची दिशा मी यात भरलीय. पाय त्या दिशेने जायला लागला की हा शिट्टी मारेल. हळूहळू तुमचे स्नायू शिकतील, मग शिट्टी बंद करू."

"निळ्या जखमेची दिशा?"

"ती भरायची गरज नाही. तिथला दोर ठणठणीत आहे."

मी जिना सरळ उतरू लागले. पळू लागले. पॅकिंग हाऊसमधल्या बायका म्हणाल्या, अक्षताताई, चेहरा उजळलाय. उजळला होताच. अण्णांची पंचाहत्तरी दसऱ्याला होती आणि मी त्या दिवसाची वाट बघत होते.

समारंभ मैदानावरच झाला. मंडप, फुलं, लाउडस्पीकर. अण्णांनी फेटा बांधला होता. प्रमुख पाहुणी मृणाली शेवाळे, तक्रार मी केलीच नाही म्हणून आता राज्याची मुख्य प्रशिक्षक. एवढं सगळं होऊनही वस्तादाच्या पंचाहत्तरीला आली होती. ट्रॅकसूट घालून, केस कापलेले, कानशिलाजवळ पांढरे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

भाषणं झाली. मग सूत्रसंचालकाने जाहीर केलं की आता परंपरेप्रमाणे अण्णा मोसमाचा पहिला घोटा मोकळा करतील. मैदानात बाक आणला, पाट आणला, तेल आणलं. मंडळाची नवी चढाईपटू, ऐश्वर्या म्हणून नववीतली मुलगी, एक बूट काढून लाजत बाकाकडे निघाली, मागे तशाच बाकीच्या मुली. आठवड्यापूर्वीच तिचा पाय मुरगळला होता. थोडी लंगडत होती.

मी उठले. "आधी माझा," म्हणाले आणि बाकावर बसले.

लोकांना फार आवडलं. जुनी शिष्या, दुखावलेला पाय, वस्तादाचा हात. फोटोवाले पुढे सरकले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. यंत्राचं काय झालं हे त्यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

"अक्षता, तुझा पाय जुना दुखरा. राहू दे की."

"जुना आहे म्हणूनच. तुमच्याच हातचा आहे."

ते पाटावर बसले. मी बूट काढला, मोजा राहू दिला. त्यांनी टाच मुठीत घेतली. मुठीची ती पकड माझ्या अंगाने ओळखली. त्यांनी ओढलं, सवयीने, हलकेच, आणि बाहेर वळवायला लागले.

मोजा किंचाळला.

लाउडस्पीकरचा माइक जवळच होता. शिट्टी सगळ्या मैदानभर घुमली. अण्णांनी चटका बसल्यासारखी टाच सोडली. शिट्टी थांबली.

"काय हाय हे?"

"डॉक्टरांनी दिलाय. माझा पाय ज्या दिशेने मोडला, त्या दिशेला नेला की वाजतो. परत धरा."

"पोरी..."

"धरा अण्णा. लोक थांबलेत."

त्यांनी पुन्हा हात लावला, आणि देवाशप्पथ सांगते, माझ्या आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मोजा किंचाळला.

"आता हिसका द्या," मी म्हणाले. "आवाज काढा. या मुली टाळ्या वाजवायला बसल्यात."

त्यांनी टाच सोडली. फेटा कपाळावर सरकला होता. ते इतकं हळू बोलले की माइकमुळेच ऐकू आलं. "त्या दिवशी मला कळलं हुतं गं. बसल्याचा आवाज न्हवता तो. माझ्या हाताला कळलं हुतं."

"मग सतरा वर्षं मृणालीचं नाव का घेतलंत?"

"माझ्या हातावर गाव चालत हुतं," ते म्हणाले. आणि तेलाचे हात तसेच मांडीवर ठेवून खाली बघत बसले.

ऐश्वर्याने कुणी काही न सांगता आपला बूट परत पायात चढवला. तिच्या मागच्या मुलीनेही चढवला. मग बाकाभोवती जमलेल्या सगळ्या मुली मागे सरकल्या आणि अण्णा एकटेच पाटावर राहिले. हेच मला बघायचं होतं. मी डोळे भरून बघितलं.

मग मी मृणालीकडे वळले. मला वाटलं, आता ती रडेल. येऊन गळ्यात पडेल. तशी तिने माफी मागावी अशी माझी अपेक्षा नव्हती, पण मी तिचं नाव साऱ्या गावासमोर धुऊन दिलं होतं, याची थोडी तरी जाणीव असावी की नाही?

ती व्यासपीठावरून उतरली. आधी अण्णांपाशी गेली, त्यांचा फेटा नीट केला, त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग माझ्यासमोर आली.

"पाय बरा झाला?"

"झाला."

"पळतीस?"

"पळते."

"मग ये चढाईला."

मला वाटलं गंमत करतेय. तिने ट्रॅकसूटचं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि चालत जाऊन डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. एकटीच. "घोटेमोडी म्हणून वीस जिल्ह्यांत शिव्या खाल्ल्यात मी," ती तिथून म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी विचारलं होतं, खरंच मोडलास का गं तिचा पाय? पोरगी शाळेतनं रडत आली होती. आणि प्रत्येकजण हेच म्हणत आला, की अक्षता असती तर हिला कुणी विचारलं नसतं. आज तू आहेस. ये."

सगळं गाव बघत होतं. नाही म्हणायला मला कारण सापडेना, कारण पाय बरा होता.

मी दुसरा बूटही काढला. रेषा ओलांडली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज माझाच, पण जुना. पाय हलके पडत होते. समोर ती वाकून उभी, हात गुडघ्यांजवळ, नजर माझ्या पायांवर. मी डावीकडे हूल दिली, उजवा पाय पुढे टाकून तिच्या खांद्याला हात लावला, आणि मागे वळले. वळता वळता मला हसू फुटत होतं.

तेवढ्यात तिने झेप टाकली.

दोन्ही हात घोट्याभोवती बसले. नेमके तिथेच. मी आडवी झाले, पाय आत वळला, आणि मी डोळे गच्च मिटून शिट्टीची वाट बघितली.

मोजा गप्प होता.

तिने ओढलं नाही, पिळलं नाही. नुसता धरून ठेवला. शिकवतात तसा. मी सरपटले, कोपरांवर जोर दिला, "कबड्डी, कबड्डी" म्हणत हात लांब केला. मधली रेषा वीतभर पुढे होती. पकड तसूभर हलली नाही. छाती भरून आली, आवाज चिरका झाला, आणि दम तुटला.

मैदानात कुणी टाळी वाजवली नाही.

"तेव्हाही असाच धरला होता," मृणाली माझ्या पायाशी धापा टाकत म्हणाली. "तेव्हाही तू बादच होतीस, अक्षता."

तिने घोटा सोडला, उठली, हात झटकले आणि जाकीट घ्यायला गेली. मी तशीच पालथी पडून होते. पायाला काहीसुद्धा झालं नव्हतं.